आधी येईल त्याची वकीलबाई

मी एक जुनी लाकडी खुर्ची आहे, मित्रांनो. मला बनवणाऱ्या सुताराचा हात मोठा गुणी होता. पण बैठकीचा शेवटचा खिळा ठोकत असताना त्याला घरातून जेवायला हाक आली. तो खिळा जरासा वर राहिला, तो राहिलाच.

मला विकत घेतलं एका वकीलबाईंनी. नवरा-बायकोची भांडणं, घटस्फोट, मुलं कुणाजवळ राहणार, अशी कामं त्या बघत. आमच्या भागात या कामातल्या जाणकार त्या एकट्याच. त्यांच्या खोलीच्या दाराबाहेर माझी जागा होती. "इथे बसलं की जरा धीर येतो," असं एक आजोबा म्हणाले, तेव्हा मी आठवडाभर अभिमानाने फुगले होते.

बाईंचा एक नियम होता. दोघांपैकी जो आधी येऊन आपली हकीकत सांगेल, त्याचंच काम त्या घेत. एकाच्या मनातलं ऐकून मग दुसऱ्याची बाजू कशी घ्यायची? नियम अगदी रास्त होता.

वर्षं गेली. माझं पॉलिश उडालं आणि खिळा हळूहळू वर आला. त्यात कुणाचं कापड अडकलं, की कारकूनकाका ते सोडवून देत आणि म्हणत, "उद्या ठोकतो हं!" काकांचा तो उद्या काही उजाडत नव्हता.

एके दुपारी कपडे शिवणारी एक बाई आली. चार ठिकाणी चौकशी करून तिने हा पत्ता मिळवला होता. काकांनी तिला बसायला सांगितलं. माझ्यावर बसून ती पुटपुटत होती, "मॅडम, मुलगी तेवढी माझ्याजवळ राहू द्या. बाकी मला काही नको." आतून हाक आली. ती लगबगीने उठली आणि टर्रकन तिचा कुर्ता मागून फाटला.

"अगं बाई!" तिने कापड मुठीत धरलं. "काका, मी उद्या येते."

"अहो ताई, कपडे कोण बघतंय? जा आत!"

"नको हो. शिवणकाम करणारी मी, आणि फाटक्या कपड्यांत जाऊ? त्या म्हणतील, हिला स्वतःचं धड ठेवता येत नाही, ही पोरीला काय सांभाळणार!"

ती गेली. मला तोंड असतं, तर मी ओरडून तिला थांबवलं असतं.

दुसऱ्या दिवशी दहाच्या ठोक्याला तिचा नवरा आला. माझ्यावर ऐसपैस बसला. मेला तो खिळा, त्याच्या पँटच्या वाटेलासुद्धा गेला नाही! तो आत गेला, बोलला, निघूनही गेला. अकरा वाजता ती आली, नवाकोरा कुर्ता घालून. बाई स्वतः दारात आल्या.

"ताई, मला आता तुमचं काहीच ऐकता येणार नाही. ते आधी येऊन गेले."

"पण मी कालच आले होते हो!"

बाईंनी काकांकडे पाहिलं. काकांनी मान खाली घातली. बाईंनी तिला दूरच्या एका वकिलांचं नाव लिहून दिलं. ते जमिनीच्या वादात पटाईत होते. मुलांच्या कामात मात्र नवखे. निकाल लागला आणि मुलगी वडिलांकडे गेली. त्या संध्याकाळी काकांनी हातोडी आणली आणि तीन घावांत खिळा बसवला. माझा फार संताप झाला, आणि स्वतःची लाजही वाटली.

म्हणून सांगते मित्रांनो, घरातलं मोडकं-तुटकं दिसलं की त्याच दिवशी दुरुस्त करा. आणि मदत मागायला दारापर्यंत गेलात, तर कसेही असलात तरी आत जा.

आता कोर्टाने ठरवून दिल्याप्रमाणे शाळेच्या दर मोठ्या सुट्टीत मायलेकींची भेट इथेच होते. मुलगी माझ्यावर पाय हलवत बसते. आई दरवेळी नवा फ्रॉक शिवून आणते, गेल्या भेटीच्या आठवणीतल्या मापाचा. तो दरवेळी बोटभर आखूड होतो. "बरोब्बर बसला गं आई," असं म्हणत मुलगी तो गुडघ्यांकडे ओढत राहते.