इंजिनाचा कौल

केरीच्या फेरीबोटीवर दोर टाकणाऱ्या दत्तारामने आजवर किती जणांना टोप्या घातल्या, ते तेरेखोलच्या नदीलाच ठाऊक. पर्यटकांना तो अगदी गंभीर चेहऱ्याने सांगायचा, की पलीकडे घड्याळ वीस मिनिटं मागे चालतं. आणि चांगली शिकलेली माणसं बोटीवर उभ्या उभ्या घड्याळं मागे करायची. आपल्याला मात्र पन्नाशी उलटली तरी कुणी फसवलं नाही, असं तो छातीवर हात ठेवून म्हणायचा.

फसला होता एकदाच, फार वर्षांपूर्वी. एका गॅरेजवाल्याने गाडीचं ऑइल बदललं म्हणून सांगितलं आणि घरी येऊन बघतो तर काळं ते काळंच. त्या दिवसापासून त्याच्या जुन्या व्हॅनीला परक्या माणसाचा पाना लागला नव्हता. वेळ झाली की लुंगी खोचायची, अंगणात पुठ्ठा टाकायचा, बालदी घेऊन व्हॅनीखाली सरपटत जायचं आणि नुसते पाय बाहेर ठेवून अख्ख्या वाड्याला उपदेश करायचा.

"कोणावर इस्वास ठेवूचो नाय. इंजिनातली ऑइल मापूची दांडी काढूची, ऑइल आपल्या डोळ्यांनी बघूचा. देवान डोळे कित्याक दिले?"

"माजा अंगण काळा करूक," बायको सुमंगला ओसरीवरून म्हणायची. तुळशीपुढची तिची रांगोळी वर्षातून चारदा तरी ऑइलात बुडायची.

अशा या घरात, डिचोलीच्या एका कंपनीत कामाला जाणारी त्यांची मुलगी गौरवी एका दुपारी म्हणाली, "पप्पा, माका एक मुलगो आवडलो. शिरगावचो. साईश नाव."

"करता काय?"

गौरवीने आधी आईकडे बघितलं, मग जमिनीकडे. "गॅरेज असा तेचा."

दत्तारामच्या हातातला उंडा पाव चहात पडला. "गॅरेज? अगो बाय, मी गॅरेजवाल्याक बोल्ट देवक नाय कधी, आणि आता चेडू देवू?"

सुमंगला दुसऱ्याच दिवशी देवळात गेली. आमच्याकडे मोठी गोष्ट ठरवायची तर देवाला कौल लावतात. मूर्तीला पाकळ्या चिकटवायच्या आणि हात जोडून उभं राहायचं. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. उजवी पडली. सुमंगला हसत घरी आली.

"देवान होय म्हटला."

"देवाकडे गाडी खंय असा?" दत्ताराम म्हणाला. "मी माजो कौल लावतंय. इंजिनाक."

सकाळी त्याने देवघरातली पिंजरेची डबी गुपचूप उचलली. पिंजर म्हणजे कुंकू. चिमूटभर पिंजर खोबरेल तेलात कालवली, व्हॅनीखाली उताणा झोपला आणि ऑइल सोडायच्या बोल्टावर अंगठ्याने एक टिका ओढला, अर्धा बोल्टावर, अर्धा बाजूच्या लोखंडावर. बोल्ट फिरला की टिका मोडणारच. मोडला तर उजवी पाकळी, पोरगा खरा. शाबूत राहिला तर डावी. उताण्या हाताने काढलेला तो टिका वाकडातिकडा, शेपटी फुटल्यासारखा झाला होता, पण कौलाला चालतं.

व्हॅन घेऊन स्वतः जाणं म्हणजे डाव सांगून खेळणं. म्हणून त्याने फेरीवरचा जोडीदार बाबली याला गाठलं. बाबलीला तसंही डिचोलीच्या बाजारात जायचं होतं.

"व्हॅन तुजी म्हणान सांग. शिरगावाक त्या साईशच्या गॅरेजात ऑइल बदलूक दी. आणि थंय उभो रवा नको, बाजारात जा. एकट्यान काय करता ता बघूचा असा."

"आणि तो चोर निघालो तर?"

"निघतलोच," दत्ताराम खुशीत म्हणाला.

संध्याकाळी चारला व्हॅन परत आली. बाबली उतरायच्या आत दत्ताराम खाली सरपटला. आणि बघतो तर काय, टिका जिथल्या तिथे. लाल, ठसठशीत, सुवासिनीच्या कपाळावरच्या कुंकवासारखा गोल. आपला हात उताणा झोपूनही इतका सुंदर चालतो, याचं त्याला जरा कौतुकच वाटलं.

"चोर धरलो." त्याने व्हॅनीखालीच टाळी वाजवली आणि कोपर सायलेन्सरवर भाजून घेतलं.

बाहेर आला तेव्हा गौरवी ओसरीवर खोबरं किसत होती. गुणगुणत होती. मुलीचं गुणगुणणं ऐकून त्याची खुशी तिथेच विरली. रविवारी साईश आणि त्याची आई चंद्रावती होय-नाही ऐकायला येणार होती. घरात कुणाला न सांगता तो नदीवर जाऊन बसला. त्या दिवशी एकाही पर्यटकाचं घड्याळ मागे गेलं नाही.

रविवारी पाहुणे आले. साईश सडपातळ, मोजकं बोलणारा. नखं इतकी घासलेली, की गॅरेजवाला वाटू नये. चंद्रावतीने येताना काजूची बोंडं आणली होती. चहा झाला, उंडे आणि पातळ भाजी झाली. गौरवी दाराआड उभी. दत्तारामने घसा खाकरला. सरळ नाही म्हणणं त्याच्या रक्तात नव्हतं. आधी गोष्ट सांगायची, मग टोपी घालायची.

"आमच्या फेरीवर एक मनीस असा. तेना आपली गाडी एका गॅरेजात दिली. पण बोल्टाक गुपचूप खूण करून."

"कसली खूण?" चंद्रावतीने विचारलं.

"ताच सांगतंय. गाडी परत इली, आणि खूण..."

"काका," साईश मध्येच म्हणाला. तो खिडकीतून अंगणात बघत होता. "ती व्हॅन बाबलीकाकांची मा? तुमका विकली तेंनी?"

दत्तारामने रिकामाच कप तोंडाला लावला. सुमंगलाने हळूच ताट खाली ठेवलं.

"बरी गाडी घेतलात," साईश मनापासून म्हणाला. "बाबलीकाका लय भाविक मनीस. लोक दसऱ्याक स्टेअरिंगाक पिंजर लावतत. तेंनी ऑइलच्या बोल्टाक लावलेली. मी पानो लावतलो, इतक्यात दिसली. माका कसातरीच झाला. आमी लईराई देवीचे धोंड, व्रत धरून आगीतसून चलतो. पिंजर पुसून कशी टाकू? पण ऑइल तर बदलूचाच होता. मगे देवीक सांगणा केला, बोल्ट खोललो, ऑइल बदलला, हात धुतले आणि गॅरेजातल्या देवीच्या फोटोफुडली पिंजर घेवन थंयच परत लावली. जरा वाकडी होती, ती नीट गोल केली."

दाराआडून फस्सकन आवाज आला. गौरवीने ओढणी तोंडात कोंबली होती.

"असा सांगूक कोणय सांगता," दत्ताराम पुटपुटला. पण आवाजात दम नव्हता. तो वाकडेपणा त्याला आणि फक्त त्यालाच माहीत होता. त्याला आणि ज्याने तो पुसला त्याला.

सुमंगला उठली. अंगणात गेली, व्हॅनीची पुढची सीट उचलली, दांडी ओढून काढली आणि तशीच घरात आली. इतकी वर्षं ओसरीवरून बघून बघून तिला सगळं पाठ झालं होतं. तिने दांडी नवऱ्याच्या इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टावर पुसली. शर्टावर डाग पडला तो मधासारखा, पिवळा, लख्ख.

"काळा असा काय?"

"नाय."

"वर्सानुवर्सां गावाक सांगतास, दांडी काढून डोळ्यांनी बघ. आणि स्वता? पिंजर बघून हात जोडलात."

दत्तारामने शर्टावरचा डाग बघितला. मग साईशला बघितलं. आधी त्याचे खांदे हलले, मग पोट, आणि मग तो असा हसत सुटला, की चंद्रावतीने घाबरून पाण्याचा तांब्या पुढे केला. "गोल केली म्हणता," तो डोळे पुसत म्हणाला. "आणि मी माजोच हात समाजलंय."

"मगे, कौल काय?" गौरवीने दारातून विचारलं.

"उजवी गो बाय. उजवीच पडली. तुज्या आवशीन ती माज्या शर्टार पाडली."

चंद्रावतीने सुनेच्या कपाळी पिंजर लावायला म्हणून हात पुढे केला. सुमंगला देवघरात गेली आणि रिकाम्या हाताने परत आली. "डबी खंय गेली? चार दिस शोधतंय."

दत्ताराम मुकाट्याने व्हॅनीकडे गेला. पाने आणि स्क्रू-ड्रायव्हरच्या पेटीतून चांदीची डबी निघाली, झाकणावरच्या अंगठ्याच्या काळ्या ठशासकट. चंद्रावतीने ती पदराने पुसली आणि गौरवीच्या कपाळावर टिका लावला, बोल्टावरच्या इतकाच गोल. साईश गुपचूप हसला.

पाहुणे मोटारसायकलवरून गेले. सुमंगलाने तिथल्या तिथे जाहीर केलं, की यापुढे व्हॅन शिरगावला जाणार आणि अंगणात रांगोळीच राहणार. दत्ताराम एका शब्दाने भांडला नाही. तिला ते चमत्कारिकच वाटलं.

"काय केलात तुमी?"

"काय नाय. तुमी सगळी खोबरा-साखर वाटीत होतात, तेव्हा तेच्या मोटारसायकलच्या बोल्टाक एक टिको लावन इलंय. बघूया किती दिसांनी दिसता."

अजून उजेड होता, तेवढ्यात गौरवीचा फोन वाजला. साईशने फोटो पाठवला होता. बोल्टावर दोन टिके होते. एक वाकडा, शेपटी फुटलेला. आणि त्याला खेटून दुसरा, नीट गोल.