चूलबंद आवतन

“छबू वं, मसाला कुटाई गया. तिखट जरा कमी ठेयेल शे, तुन्ही सासूना पोट सांभाळीसन. सवड व्हई तव्हय ये, घाई नही शे.”

हा आवाज जसोदाबाईंचा. किती वर्षं झाली तो माझ्या पोटात उतरून. मित्रांनो, ज्या जुन्या मोबाइलमध्ये तो साठवलेला आहे, तोच मी. माझ्या काचेला कोपऱ्यात तडा गेला आहे, आणि कडांमध्ये बसलेली लाल मिरची आता कशानेही निघत नाही.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला ठाऊक नाही. मला आठवतं ते नंदुरबारच्या दुकानातलं कपाट, आणि मला तिथून उचलणारा भूपेंद्र. सुरतेला नोकरी लागली तेव्हा त्याने मला आपल्या आईसाठी घेतलं. तापीकाठच्या प्रकाशा गावात त्यांचं घर. अंगणात मिरची वाळायची आणि पडवीत मसाला कुटायचं यंत्र धडधडायचं.

जसोदाबाईंना लिहिण्याचा कंटाळा होता. त्या मला ओठांशी धरायच्या आणि बोलायच्या. एका माणसाला एकच निरोप, त्याच्या नावाने. अक्कलकुव्याच्या फुलसिंगला आधी म्हैस व्याली का ते विचारायच्या, मसाल्याचं मग. शहाद्याच्या दीपमालाला लेकीच्या बाळंतपणाचं विचारायच्या. कधी मसाल्याचं बोलायचंच राहून जायचं! मग समोरूनच आवाज यायचा, “मावशी, औंदा मन्हा डबा इसरी गयात का?” तो ऐकून त्या खुदकन हसायच्या. त्या हसण्याने माझी काच धुकटायची. मित्रांनो, ते माझे सुखाचे दिवस होते.

मग भूपेंद्र नोकरी सोडून घरी आला. मुलगा वाईट नव्हता. आईचं नाव मोठं व्हावं, एवढंच त्याच्या मनात होतं.

“माय, अशी एकेकशी बोलत बसशी तं धंदा कव्हय वाढी? तू कुट. लोकेसले मी सांगस.”

“सांग भाऊ,” जसोदाबाई म्हणाल्या. “पन नाव लिसन सांगजो.”

ते नाव घेणं तेवढं राहून गेलं. मी त्याच्या खिशात गेलो. त्याने एक गट केला, ‘जसोदा मसाला परिवार’. लग्नाच्या याद्यांतून, बचतगटाच्या वहीतून, मिळतील तिथून नंबर घेतले आणि कुणालाही न विचारता आत घातले. सकाळी फुलांचं चित्र, दुपारी मसाल्याचं पाकीट, संध्याकाळी पुन्हा तेच पाकीट. साडेतीनशे घरांत मी दिवसातून तीनदा ओरडू लागलो. कुणाच्या पंगतीत, कुणाच्या झोपेत, कुणाच्या रडण्यात.

उखाभाऊ जसोदाबाईंचे जुने गिऱ्हाईक. त्यांची बायको चिंचपाड्याच्या दवाखान्यात होती. त्यांनी लिहिलं, “भाऊ, घरमा दुख शे. आते नको धाडू.” भूपेंद्रने उत्तरं आपोआप जातील अशी सोय केली होती. तत्क्षणी माझ्यातून गेलं, “धन्यवाद! आपली मागणी नोंदवली आहे.” मी आतल्या आत तापलो. पण मोबाइलच्या तापण्याकडे कोण बघतं?

त्यानंतर आखाजी, म्हणजे आमच्याकडची अक्षय्य तृतीया आली. सासुरवाशिणी माहेरी आल्या, झाडाझाडाला झोके लागले. भूपेंद्रला वाटलं, काहीतरी आपल्या मातीतलं लिहावं. त्याने मोठ्या अक्षरांत लिहिलं, “आखाजीनं चूलबंद आवतन! रविवारी अकरा वाजता, जसोदाबाईंच्या अंगणात.”

मित्रांनो, आमच्याकडे आवतनाचे प्रकार असतात. कुठे घरटी एका माणसाला बोलावतात. चूलबंद म्हणजे साऱ्या घराला जेवायचं बोलावणं. त्या दिवशी त्या घराची चूल पेटवायची नाही. असं बोलावणं फार जवळच्यांनाच येतं, आणि ते आलं की माणूस सुखावतो. भूपेंद्रने खाली पुष्कळ जागा सोडून बारीक अक्षरांत लिहिलं होतं, “दोन पाकिटांवर एक मोफत.” तिथवर कुणी वाचलंच नाही. मोठी अक्षरं वाचली आणि चुली थंड ठेवल्या.

त्या रविवारी जसोदाबाई मिरची आणायला अक्कलकुव्याच्या बाजारात गेल्या होत्या. अंगणात एक टेबल होतं, चार फुगे होते, पाकिटं होती. माणसं धुतलेल्या कपड्यांत आली. पोरंबाळं, म्हातारी माणसं. चुलाण दिसेना, पत्रावळी दिसेनात. “आधी ही दोन पाकिटं घ्या ना,” भूपेंद्र म्हणत राहिला. भांडण कुणीच केलं नाही. माना खाली घालून ती उपाशी परत फिरली. भूपेंद्रने हे आईला सांगितलं नाही. मला सगळं माहीत होतं. पण माझ्यात गावाचे आवाज होते, माझा एकही नव्हता.

त्या रात्रीपासून माझ्यावर एकच ओळ उमटत राहिली. अमुक बाहेर पडले. तमुक बाहेर पडले. महिन्याभरात भूपेंद्र सुरतेला निघून गेला आणि मी परत जसोदाबाईंच्या हातात आलो.

त्या पुन्हा नाव घेऊन बोलू लागल्या. “फुलसिंग, म्हैस कशी शे?” निरोपापुढे एकच राखाडी खूण. दुसरी उमटेचना. लोकांनी आमचा नंबर बंद केला होता. जसोदाबाईंना खुणांतलं काय कळणार? त्यांना वाटलं, हातच बिघडला. त्यांनी लवंग वाढवली. मग धणे बदलले. रोज चिमूटभर मसाला जिभेवर ठेवून डोळे मिटायच्या आणि तशाच बसून राहायच्या. एक दिवस कुटणंच थांबलं.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, तुमच्यातलं कुणी दुकान मांडेल. माझ्यासारखा एखादा तुमच्याही हातात असेल. माझी काच फुटली तरी चालेल, पण माझ्यातून कुणाच्या घरात शिरण्याआधी दार वाजवा. कुणी नको म्हटलं तर थांबा. माणूस बाहेर पडताना आवाज करत नाही, म्हणून फार जपा.

काल विकलेलं यंत्र टेम्पोत चढवलं. मी ओट्यावर होतो. छबूबाई बोळाच्या तोंडाशी उभ्या होत्या, कितीतरी दिवसांनी. जसोदाबाईंनी त्यांचा हात धरला.

“छबू, खरं सांग. मन्ह्या हातनी चव गयी ना?”

“चव कुठे जाई वं, बहीन?” छबूबाई म्हणाल्या. “आखाजीले मी चूल पेटाडी नही. सासू, पोऱ्या, सगळासले लिसन तुन्हा दारसे उनू. तुन्हा पोऱ्यानी आम्हले पाकीट दखाडं. वाटमा सासूनी इचारं, जेवाले बलायं व्हतं ना तिनी? मी काय सांगू तिले? घर जाईसन मीच तुन्हा नंबर बंद करा.”

“मले सांगती तं, छबू...”

“कव्हय सांगू? तू इचारंच नही, जसोदा. नुसती धाडत ऱ्हायनी.”