एका पाठीपुरतं

दुकानातल्या जुन्या कॅमेऱ्याच्या घडीदार भात्यात विजेरी सरकवून तिने काळं कापड स्वतःच्या आणि त्याच्या अंगावरून ओढून घेतलं. चामड्याच्या घड्यांत कुठे सुईच्या टोकाएवढं छिद्र असतं, तर या अंधारात ते ताऱ्यासारखं चमकलं असतं. तिने एकेक घडी नजरेखालून घातली. भात्यातलं आभाळ कोरं होतं. कापडाखालून बाहेर आली तेव्हा तिला धाप लागली होती. ती लपवायला तिने चष्मा पुसायला घेतला.

“भाता शाबूत आहे,” ती म्हणाली. “हाच घ्यायचा.”

नवरा पलीकडच्या मोठ्या कॅमेऱ्यापाशी उभा होता, त्याच्या पितळी कडांवरून बोट फिरवत.

“तो खेळण्यातला वाटतो गं. याची काच बघ, खिडकीएवढी आहे.”

“आणि उचलणार कोण?”

“आपण. आजवर कोण उचलत होतं?”

दुकानदार हसला. “काकू, काकांचं मन बसलंय त्याच्यावर.”

“मन बसायला काय जातंय? मग पाठ धरली की शेकायला मी आहेच.”

बोलून गेल्यावर ती थांबली. नवऱ्याने पितळेवरचं बोट काढून घेतलं.

जन्मभर डोंगर, पूल, बंद पडलेले कारखाने टिपत हिंडताना त्यांची वाटणी ठरलेली होती. कॅमेरा त्याच्या पाठीवर. लेन्स, फिल्मच्या पेट्या आणि तिपाई तिच्याकडे. चित्र त्याचं, बांधाबांध तिची. तो करार आता तिच्या छातीने मोडला होता. पुढचा उन्हाळा ती पाहील, असं डॉक्टर म्हणाले नव्हते. आणि तेव्हापासून घरात उन्हाळा हा शब्दच कोणी उच्चारला नव्हता.

“बरं,” तो म्हणाला. “धाकटा तर धाकटा.”

तिने दुकानदाराकडून पाठीवरची पिशवी मागून घेतली, टेबलावर उघडून ठेवली, आणि स्टुलावर बसून दोन्ही हात मांडीत घेतले.

“आता भरा.”

“घरी गेल्यावर बघू की.”

“इथेच. माझ्यासमोर.”

त्याने कॅमेरा होता तसा उचलून पिशवीत सारला.

“अहो, लेन्स तशीच पुढे? कुठे आपटली की पहिली तीच फुटायची.”

त्याने लेन्स काढली आणि कॅमेऱ्याच्या मागच्या, चित्र उमटायच्या दुधी काचेला टेकवून ठेवली.

“काचेच्या मांडीला मांडी लावून धातू बसवायचा नाही. आधी भाता मिटा. स्क्रू आवळा, पण गळा आवळल्यासारखे नाही. काचेवर झाकण, आणि तिचं तोंड तुमच्या पाठीकडे. लेन्स गुंडाळून खालच्या कप्प्यात.”

“हे एवढं सगळं तू करायचीस?”

“नाहीतर काय, तुमच्या चित्रातल्या डोंगरांनी केलं असतं?”

दुकानदार मान खाली घालून हसला. नवराही हसला, पण ते हसू डोळ्यांपर्यंत पोचण्याआधीच विझलं. त्याने पिशवी रिकामी केली आणि पुन्हा सुरुवात केली. या खेपेला घाई नव्हती. निजलेल्या मुलाच्या अंगाखालून हात काढून घ्यावा, तसा त्याने भाता मिटवला. स्क्रू आवळले. काचेवर झाकण बसवलं, ती पाठीच्या बाजूला वळवून कॅमेरा पिशवीत ठेवला. लेन्सला टोपी घातली, मऊ कापडात गुंडाळली. लेन्स धरलेला हात न अडखळता खालच्या कप्प्याकडे गेला; दुसऱ्या हाताने कप्प्याची झडपसुद्धा उघडली.

आणि तिथे तो हात थबकला.

मग सावकाश वर आला, आणि त्याने लेन्स काचेला टेकवून ठेवली.

“असंच ना?” वर न बघता त्याने विचारलं.

दुकानदार काही सांगायला पुढे झाला. तिने नुसता तळहात उचलून त्याला थांबवलं. नवऱ्याच्या वाकलेल्या मानेकडे ती बघत राहिली. तिने पुरेसा श्वास गोळा केला. मग स्टूल टेबलाजवळ ओढून घेतलं.

“नाही,” ती म्हणाली. “सगळं बाहेर काढा. पहिल्यापासून सांगते.”