कौतुकाचं कार्ड

"लिही, हात कसा उबदार असतो तिचा," पिलग्यू म्हणाला, आणि बुनरेच्या हातातलं पेन कार्डावर जागच्या जागी थांबलं.

"कुणाचा?"

"कुणाचा काय? नर्स हेरिनचा. डोळ्यात औषध घालायच्या आधी सांगते, 'बाबा, आता थोडं थंड लागेल हं.' तेही लिही."

मोतीबिंदू काढल्यापासून पिलग्यूला बारीक अक्षर दिसत नव्हतं. म्हणून कोरियातल्या मोक्पो शहराच्या त्या इस्पितळात, नेत्रविभागाबाहेरच्या बाकावर बसून, परक्या पोरीचं कौतुक बुनरेलाच स्वतःच्या हातानं लिहावं लागत होतं. समोरच्या भिंतीवर 'या महिन्याचे प्रेमळ कर्मचारी' असा फलक होता. ज्याला रुग्णांची कार्डं जास्त, त्याचा फोटो वर. हेरिनला दोनच कार्डं कमी पडत होती, आणि ही चौकशी पिलग्यूनं स्वतः जाऊन केली होती!

बुनरेचा नुसता जळफळाट चालला होता. त्रेचाळीस वर्षं हा माणूस तिच्या हातचं सूप पितोय. चांगलं झालंय, असं शपथेला एकदा तोंडातून निघालं नाही. मीठ कमी पडलं की मात्र लगेच जीभ सुटते. घरी हेच औषध ती दिवसातून चार वेळा घालते, तेव्हा 'आटप लवकर' म्हणतो.

"आणि माझा हात कसा लागतो हो?" तिनं विचारलंच.

"तुझा? तुझ्या हाताला आंबवलेल्या मुळ्याच्या किमचीचा वास येतो."

'वागणूक' या रकान्यात त्यानं पाचपैकी पाच सांगितले होते. तिनं तीनवर खूण केली. याला कुठे दिसतंय!

"झालं? शेवटी काय विचारलंय?"

"काही गैरसोय झाली का, म्हणून. तुमची कसली होतेय! नाही, असं लिहिते."

"थांब. झाली. लिही, तपासणीच्या खोलीत एकच स्टूल आहे. मी बसतो नि माझी बायको उभी राहते. तिचे गुडघे दुखतात."

"दुखतात असं मी कधी म्हटलं?"

"म्हणायला कशाला हवं? जिना उतरताना पायरीपायरीला थांबतेस. डोळ्यावर पट्टी होती, तेव्हा ऐकण्याशिवाय काम काय होतं मला?" तो खेकसला. "लिही की! आणखी एक खुर्ची ठेवा म्हणावं."

बुनरेनं शब्दन् शब्द लिहिला. नाक वाहायला लागलं, ते बाहीनं पुसलं.

"टाकलंस का पेटीत?"

"टाकते हो. जरा म्हणून धीर नाही तुम्हाला."

ती फलकाखालच्या कार्डांच्या पेटीपाशी गेली. कार्डाची घडी घातली, पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवली आणि चेन ओढली. मग पेटीवरचं कोरं कार्ड घेऊन उभ्याउभ्याच भरलं. हात उबदार, औषधाआधी सांगते, वागणूक पाचपैकी पाच. खुर्चीचं तेवढं लिहिलं नाही.