टाकी भरली की थांबायचं

मित्रांनो, मी फ्लशच्या टाकीतला एक जुना व्हॉल्व्ह आहे. आता खरं म्हणजे 'होतो' असं म्हणायला हवं, कारण सध्या मी टाकीत नाही, बाथरूमच्या दाराशी ठेवलेल्या कचऱ्याच्या डब्यात आडवा पडलो आहे. नाक मुरडू नका. फ्लशच्या टाकीतलं पाणी तुमच्या नळाच्या पाण्यासारखंच असतं. घाण असते ती खाली, आणि तिच्याशी माझा जन्मात कधी संबंध आला नाही. तरी लोक माझा विषय निघाला की आवाज खाली आणतात. त्याचीही मला सवय झाली आहे.

माझं काम सांगायला सोपं आणि करायला कंटाळवाणं. तुम्ही बटण दाबलंत की टाकी रिकामी होते. माझ्या दांडीच्या टोकाला एक फुगा असतो, तो खाली जातो, माझं तोंड उघडतं आणि पाणी आत येऊ लागतं. पाणी चढलं की फुगा चढतो, तोंडातली रबरी चकती घट्ट बसते आणि मी गप्प होतो. भरायचं आणि थांबायचं, भरायचं आणि थांबायचं. तुम्ही सुट्टीला जाता, तेव्हाच काय ती मला सुट्टी.

मी एका कारखान्यात जन्मलो. साच्यातून निघालो तेव्हा माझ्यासारखी असंख्य भावंडं एका लांब टेबलावर पडलेली होती. तिथे एक बाई प्रत्येकाला पाण्याच्या हौदात बसवून तपासायच्या. माझी पाळी आली तेव्हा त्यांनी कान जवळ आणला. पाणी भरलं, मी थांबलो, एक थेंबही पुढे गेला नाही. "हा चांगला आहे," असं म्हणून त्यांनी मला खोक्यात टाकलं. पुढे दुकानात खिळ्याला लटकत असताना मी तेच वाक्य मनात घोळवत असायचो. फार कौतुक माझ्या वाट्याला आलं नाही, म्हणून ते लक्षात राहिलं.

मग एका प्लंबरने मला या घरात आणलं. तेव्हा घरात आजी होत्या. माझी विचारपूस करणारं असं एकच माणूस मला आयुष्यात भेटलं. अधूनमधून त्या टाकीचं झाकण उचलायच्या, जुन्या टूथब्रशने माझ्या अंगावरचे क्षार घासायच्या आणि म्हणायच्या, "बिचारा, कुरकुर म्हणून करत नाही." आजी गेल्या आणि मग फार काळ ते झाकण कुणी उचललं नाही. झाकणावर आधी मासिकं आली, मग टॉवेल आले, मग रंगाचा एक अर्धा डबा येऊन बसला. अंधारात माझ्या अंगावर पांढरे थर चढत गेले. रबरी चकती कडक झाली, तिला चीर पडली. मी जिवाचा आटापिटा करून तोंड मिटायचो, पण पाणी बारीक धारेने झिरपतच राहायचं. टाकी भरायची, जास्तीचं पाणी मधल्या नळीतून खाली कमोडमध्ये जायचं, आणि माझा फुस्स असा आवाज दिवसरात्र चालू राहायचा. मी दमलो होतो, मित्रांनो. पण दमलो असं सांगायला मला दुसरा आवाजच नव्हता.

घरात आता तीन माणसं होती. आजोबा, त्यांची मुलगी आणि जावई. मुलीला मी ताई म्हणतो, कारण फोनवरचा प्लंबर तिला ताईच म्हणायचा. "ताई, उद्या नक्की," हे त्याचं ठरलेलं वाक्य. त्याचा उद्या कधी उगवला नाही. इकडे माझ्यामुळे गच्चीवरची टाकी दुपारपर्यंत रिकामी व्हायला लागली. जावयांनी एकदा झाकण काढून माझी दांडी खाली वाकवून पाहिली. त्याने मी आणखी वाकडा झालो, एवढाच काय तो फरक पडला.

शेवटी जावयांनी वेळ मारून नेण्याची एक युक्ती काढली. कमोडच्या मागे, खाली भिंतीत एक छोटा नळ असतो. त्यातून टाकीला पाणी येतं. "तो नळ बंदच ठेवायचा," ते म्हणाले. "वापरून झालं की उघडायचा, टाकी भरली की परत बंद करायचा. प्लंबर येईपर्यंत तात्पुरतं." ताई म्हणाली, "बाबा, कळलं ना?" आजोबा म्हणाले, "त्यात काय न कळण्यासारखं आहे?"

कळलं होतंच. पण जमत नव्हतं, आणि ते फक्त मला माहीत होतं.

पहिल्याच दिवशी, ताई आणि जावई कामावर गेल्यावर, आजोबा त्या नळाशी वाकले. एका हाताने टाकीला धरलं, दुसरा हात मागे घातला. गुडघे कटकन वाजले. नळ उघडला, टाकी भरली. बंद करायला पुन्हा वाकले तेव्हा त्यांना चक्कर आली असावी, कारण ते खाली बसले ते बसलेच. बराच वेळ नुसता त्यांचा श्वास ऐकू येत होता. मग कमोडला धरून, भिंतीला टेकत ते कसेबसे उठले आणि निघून गेले. नळ उघडाच राहिला आणि मी दिवसभर फुसफुसत राहिलो.

संध्याकाळी जावई अंगाला साबण लावून उभे आणि गच्चीवरच्या टाकीत थेंब नाही. ते चिडले नाहीत, चांगले आहेत ते. एवढंच म्हणाले, "बाबा, नळ तेवढा लक्षात ठेवत जा."

"विसरलो बुवा," आजोबा म्हणाले.

विसरले नव्हते. वाकता येत नाही म्हणण्यापेक्षा विसरलो म्हणणं त्यांना बरं वाटलं. मित्रांनो, मोठ्या माणसांचं हे असं असतं. ताईने मात्र ते खरंच मानलं. रात्री बेसिनशी दात घासताना ती जावयांना हळूच म्हणाली, "बाबांना आता लक्षात राहत नाही रे." दुखत होतं गुडघ्यात आणि ती काळजी करत बसली डोक्याची.

आजोबांनी मग स्वतःचा मार्ग काढला. आयुष्यभर त्यांनी लांब पल्ल्याची बस चालवली होती. ते ताईला अभिमानाने सांगायचे ते मी कितीदा ऐकलं होतं. "फेरीला निघालो की मी घोटभर पाणीसुद्धा घ्यायचो नाही. पाठीमागे एवढी माणसं बसलेली, माझ्या एकट्यासाठी गाडी थांबवायची का?" तीच जुनी सवय त्यांनी बाहेर काढली. सकाळी ताई टाकी भरून जायची, तेवढं एकदाचं वापरायचं. बादलीने पाणी ओतावं तर ती उचलवत नव्हती. मग संध्याकाळपर्यंत कमोड वापरायची वेळच यायला नको, म्हणून पाणी प्यायचंच नाही.

ताई त्यांच्या उशाशी पाण्याचा जग भरून ठेवायची. संध्याकाळी येऊन बघायची तर जग रिकामा. तिला हायसं वाटायचं. तो जग रिकामा कसा होतो हे मात्र मला कळायचं. दुपारी आजोबा पाय ओढत यायचे, बेसिनपाशी थांबायचे आणि जग हळूहळू ओतायचे. धार बारीक ठेवायचे, जणू कुणी ऐकेल. ऐकायला मी होतो. पण मी काय करणार? नळ बंद असला की माझ्या तोंडातून फुस्ससुद्धा निघत नाही. ज्या आवाजाला घर कंटाळलं होतं, तो तेव्हा मला हवा होता. आजोबा वाळत चालले आहेत हे मला एकट्यालाच ठाऊक होतं, आणि मी कोरड्या तोंडाने अंधारात लटकत होतो. त्या दिवसांइतकं असहाय मला कधी वाटलं नाही.

व्हायचं तेच झालं. एका संध्याकाळी ताई घरी आली आणि तिने आजोबांना हाक मारली. आजोबांनी तिला ओळखलंच नाही, बसमधली प्रवासी समजून तिकीट दाखवायला सांगितलं. मग गाडी सुटायची वेळ झाली म्हणून उठायला लागले आणि पलंगावरच कलंडले. नंतर नुसती पळापळ ऐकू आली. "बाबा, डोळे उघडा. बाबा, माझ्याकडे बघा ना." दार आपटलं, आणि घर सुनं झालं. कुणी आलं नाही, कुणी बटण दाबलं नाही. सुट्टी म्हणतात ती हीच असेल, तर मला ती नको होती.

आजोबा परत आले ते जावयांच्या आधाराने. जावयांनी त्यांना कमोडवर बसवलं आणि दाराबाहेर थांबले. ताई बेसिनपाशी त्यांचा टॉवेल पिळत होती. तिने विचारलं, "बाबा, डॉक्टर म्हणाले तुमच्या अंगात पाणीच नव्हतं. मी रोज जग भरून ठेवत होते. तो रिकामा होत होता. पाणी जात होतं कुठे?"

आजोबा म्हणाले, "बेसिनात."

"का पण?"

"नळ खाली आहे गं."

ताईला आधी कळलं नाही. मग तिने टॉवेल तसाच टाकला. आजोबांना बाहेर नेऊन बसवल्यावर ती एकटी परत आली आणि त्या नळाशी वाकली. वाकून हात पोचेना, म्हणून गुडघे टेकले, गाल कमोडला लागेपर्यंत झुकली, तेव्हा कुठे तिची बोटं नळाला लागली. ती तशीच बसून राहिली. मग तिथेच फरशीवर बसून ती रडली, आणि मित्रांनो, रडता आलं असतं तर मीही रडलो असतो.

दुसऱ्या दिवशी तिने प्लंबरला फोन केला नाही. सकाळीच जाऊन नवा व्हॉल्व्ह घेऊन आली. आजोबा म्हणाले, "तुला जमेल का?" ती म्हणाली, "नाही जमलं तर पुन्हा करीन." आजोबा दारात खुर्ची टाकून बसले आणि हातात बॅटरी धरून उजेड दाखवू लागले.

तिने खालचा नळ बंद केला, टाकीचं झाकण उचललं, बटण दाबून टाकी रिकामी केली. तळाशी उरलेलं पाणी फडक्याने टिपून घेतलं. खालच्या नळीची चाकी, म्हणजे नट, सोडवली, मग मला धरून ठेवणारी मोठी चाकी. ती हलता हलेना. क्षारांनी आम्हा दोघांना एक करून टाकलं होतं. ताईच्या नाकी नऊ आले. एकदाची चाकी सुटली आणि मी उजेडात आलो. आजोबांना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. आवाजावरून वाटले होते त्याहून ते खूपच लहानखुरे दिसत होते.

नवा गडी उभट आहे. त्याला दांडी नाही, फुगा नाही, अंगावरच एक वाटी वरखाली होते. ताईने तो बसवला, नळ उघडला, तर खालून टपटप पाणी.

"रबर कुठे लावलंस?" आजोबांनी विचारलं.

"बाहेरून, चाकीला."

"आत नको का ते? टाकीच्या आतून?"

"मला काय विचारता? बस चालवलीत तुम्ही, टाक्या नाही."

"म्हणून तर विचारतोय."

ताई हसली. कितीतरी दिवसांनी या बाथरूममध्ये कुणी हसलं. तिने सगळं पुन्हा सोडवलं, रबर आतून लावलं, चाकी हातानेच घट्ट केली आणि नळ उघडला. टाकी भरली. नवा गडी थांबला. तिघंही कान देऊन उभे राहिले, कारण जावईसुद्धा मागे येऊन थांबले होते. काही ऐकू आलं नाही. "आता हा नळ उघडाच राहील," ताई म्हणाली. "कुणी वाकायचं नाही." मग तिने मला उचललं आणि इथे टाकलं. माझी तक्रार नाही. माझं झालं होतं.

माझी काळजी घ्या असं मी तुम्हाला सांगणार नाही. टाकीचं झाकण वर्षातून एकदा उचललंत तर उत्तमच, पण रबर झिजायचं ते झिजतंच. माझं मागणं वेगळं आहे. घरात काही बिघडलं आणि तुम्ही त्यावर तात्पुरता तोडगा काढलात, तर तो तुम्हाला जमतो का एवढंच बघून थांबू नका. घरात जे माणूस सगळ्यात थकलेलं आहे, त्याच्या जागी एकदा स्वतः वाकून बघा. ते माणूस आपण होऊन तुम्हाला सांगणार नाही. विसरलो म्हणेल.

मघाशी आजोबा आत गेले, एकटेच. दाराची कडी लागली. थोड्या वेळाने पाण्याचा लोट गेला, टाकी भरली, शांत झाली. स्वयंपाकघरात ताईने हातातलं भांडं खाली ठेवलं होतं, ते मला ऐकू आलं. कडी निघाली. भिंतीला हात टेकत आजोबा बाहेर आले, माझ्या डब्यापाशी जरा थांबले आणि स्वयंपाकघराच्या दिशेने त्यांनी हाक दिली.

"पाणी आण गं जरा. भरून आण."