हाउजीतल्या मूळ संख्या

करी रोडच्या टॉवरमध्ये गणपतीतल्या रविवारी दुपारी हाउजी असते. यंदा मालन साटमने एक नवीन बक्षीस सुचवलं: तिकिटावरच्या मूळ संख्या ज्याच्या सगळ्यांत आधी कटतील, तो जिंकला. म्हणजे एक आणि स्वतः सोडून ज्यांना कशानेच भाग जात नाही, त्या संख्या.

मालन शिवणाचे क्लास घेते. पण मुलगी श्रेया लॅपटॉपवर काय टाइप करत बसते याचं तिला फार कुतूहल, म्हणून दोन महिने तिच्याकडून प्रोग्रॅमिंग शिकत होती. मूळ संख्या शोधणारा हा तिचा पहिला स्वतःचा प्रोग्रॅम. त्याने दिलेली यादी तिने हौसेने हॉलच्या भिंतीवर चिकटवली होती.

खेळ रंगात आला आणि दत्ताराम ओरडले, "मूळ संख्या! माझ्या झाल्या!"

मालनने तिकीट यादीशी ताडून पाहिलं. "दत्ताभाऊ, तुमचा एकवीस राहिलाय. एकोणचाळीस पण."

"काय गो वयनी, एकवीस मूळ कधीपासून? सात त्रिक एकवीस!"

हॉलभर हशा पिकला. मालनचे कान लाल झाले. तिने यादी नीट वाचली, तर नऊ, पंधरा, एकवीस, तीनपासूनच्या सगळ्या विषम संख्या त्यात शिरलेल्या. आणि बिचारा दोन गायब!

"आई, मी बघू?" श्रेयाने विचारलं.

"थांब गं. मीच बिघडवलंय, मीच बघते."

तिने लॅपटॉप उघडला. प्रोजेक्टर जोडलेलाच होता, त्यामुळे तिचा प्रोग्रॅम भिंतीवर सगळ्यांना दिसायला लागला. ओळीवर बोट ठेवत ती पुटपुटली, "एकवीसला आधी दोनने भागलं. भाग गेला नाही. मग... अय्या! हा लगेच 'मूळ आहे' म्हणून मोकळा होतोय! तीनला विचारतच नाही!"

"लग्नाला स्थळ बघताना आमची आत्या असंच करते," मागून शेजारची पूर्वी म्हणाली, तसे सगळे पुन्हा खिदळले.

निकालाची ओळ मालनने भागाकारांच्या फेऱ्यांबाहेर काढली. आता सगळे भागाकार संपल्याशिवाय निकाल नाही. यादी परत आली. दोन आला, एकवीस गेला. पण सुरुवातीलाच एक!

"एक नाय चालणार!" चार जण एकदम ओरडले.

"कळलं, कळलं!" म्हणत तिने प्रोग्रॅमला सुरुवात दोनपासून करायला सांगितली. यादी आली आणि हॉलने टाळ्या वाजवल्या.

पण नवी यादी बघून आणखी तीन जण उभे राहिले: "आमच्याही केव्हाच झाल्यात की!" चुकीच्या यादीवर विश्वास ठेवून बिचारे गप्प बसले होते. बक्षीस होतं लालबागच्या चिवड्याची मोठी पिशवी. मालनने दत्तारामांकडे पाहिलं. त्यांनी हसत पिशवी फोडली आणि कागदाच्या प्लेटा मागवल्या.

"वयनी," तोंडात चिवडा कोंबत ते म्हणाले, "हजारापर्यंत काढून दाखव बघू."

मालनने नव्वद पुसून हजार लिहिलं आणि बटण दाबलं. आकडे भिंतीवरून धो धो धावले. नऊशे सत्त्याण्णववर थांबले.

"खरं कशावरून?" राजेशने विचारलं.

"भागून बघा ना!" मालन म्हणाली, आणि पुढचा नंबर पुकारायचं सोडून अख्खा हॉल भागाकाराला लागला.