सीमाच्या पिस्तुलाचा दस्ता

श्रीरंग मुंडले नियमाबाहेर पाऊल टाकणारा माणूस नव्हता. रस्ता ओस पडलेला असला तरी स्टॉपच्या पाटीपाशी तो गाडी पूर्ण थांबवून मनात तीन आकडे मोजायचा, आणि मागच्यानं हॉर्न दिला की चौथाही मोजायचा. बँकेत बावीस वर्षं त्यानं बाकीचे लोक नियम पाळतात की नाही हेच तपासलं होतं. असा माणूस पासष्टाव्या वर्षी टेक्सासमधल्या प्लेनो गावी स्वतःच्या गॅरेजमध्ये गुन्हा करायच्या बेतात होता, आणि तोही बायकोवरच्या प्रेमापोटी.

त्याची बायको सीमा दर शनिवारी सकाळी एकटी शूटिंग रेंजवर जायची. नागपूरला कॉलेजात असताना तिनं एनसीसीत पॉइंट टू-टूच्या रायफलनं नेमबाजी केली होती. मग लग्न, अमेरिका, नोकरी, मुलगी यांत तीस वर्षं निघून गेली आणि पन्नाशी उलटल्यावर तिनं त्याच बारक्या काडतुसाचं एक पिस्तूल घेतलं. श्रीरंगनं तेव्हा नाक मुरडलं होतं. पण शनिवारी दुपारी ती घरी यायची तेव्हा तिचा चेहरा असा काही फुललेला असायचा, की चार महिन्यांत त्याचं नाक आपोआप सरळ झालं.

यंदा होळीच्या सुमाराला तिचा हात थरथरायला लागला. डॉक्टर म्हणाले, घाबरण्यासारखं नाही, वयानुसार काहींना होतं. ती चहाचा कप दोन्ही हातांनी धरायला लागली. मग एका शुक्रवारी श्रीरंगनं पाहिलं, ती डायनिंग टेबलाशी बसून पिस्तुलाचं मॅगझिन, काडतुसांची ती चपटी डबी, भरत होती आणि बोटाच्या पेराएवढी काडतुसं तिच्या हातून निसटून घरंगळत होती. दहाच्या मॅगझिनमध्ये जेमतेम तीन गेली होती. त्यानं खुर्ची ओढली आणि उरलेली सात भरली. तिनं दुसरं मॅगझिन पुढं सरकवलं.

"भरून तरी काय उपयोग," ती शेवटी म्हणाली. "गेल्या शनिवारी अर्ध्या गोळ्या कागदालाच लागल्या नाहीत. गाडीत बसून रडले मी. आता बंद करते."

ती रेंजवर जायची थांबली, तर शनिवारी दुपारी घरी येणारी ती सीमाही यायची थांबणार, हे श्रीरंगला लख्ख दिसलं. आणि त्या सीमावर त्याचा फार जीव होता.

त्याला सुचलेला उपाय साधा होता. पिस्तुलाला मागून लाकडी दस्ता लावायचा, रायफलीचा असतो तसा. तो खांद्यात घट्ट टेकवला की हात थरथरला तरी नेम हलणार नाही. त्यानं अक्रोडाचं लाकूड आणलं, सीमाच्या कोटावरून खांद्याचं आणि बाहीचं माप घेतलं, आणि तिच्या वाढदिवसासाठी म्हणून तीन आठवडे कापून, घासून दस्ता तयार केला. हे बेकायदा असेल असं त्याच्या मनालाही शिवलं नाही. लाकडाच्या तुकड्याला कसला आलाय कायदा, असं त्याला वाटलं असावं.

पण कौतुक करून घेतल्याशिवाय त्याला राहवेना. त्यानं वॉशिंग्टन राज्यात बॉथेलला राहणाऱ्या मुलीला, रुहीला, व्हिडिओ कॉल लावला. रुही वकील, जन्म इथलाच.

"बाबा, इज इट अटॅच्ड?" दस्ता पाहताच तिनं विचारलं.

"अजून नाही. दोन स्क्रू राहिलेत."

"डोन्ट टच द स्क्रूज. पुट द स्क्रूड्रायव्हर डाउन, प्लीज."

मग तिनं समजावलं. नुसतं पिस्तूल ते पिस्तूल. पण त्याला खांद्याला टेकवायचा दस्ता लावला की कायद्याच्या लेखी ती आखूड नळीची रायफल होते. तशी करण्याआधी केंद्र सरकारची मंजुरी हवी. फॉर्म, फोटो, बोटांचे ठसे, सगळं. मंजुरीआधी स्क्रू पिळला तर तुरुंगात जायची वेळ. पिस्तूल आणि दस्ता एका घरात ठेवणंही तोवर नको.

"दस्ता आजच मला कुरियर कर, बाबा. अँड मॅगझिन दहाचंच आहे ना? टेक्सासमध्ये कोणी विचारत नाही, पण पिस्तूल घेऊन कधी इकडे आलात, तर आमच्या राज्यात दहाच्या वरचं आणायचंच नाही."

श्रीरंगनं स्क्रूड्रायव्हर आणखी लांब सरकवला.

"आईला सरळ लांब नळीची रायफल घे ना," रुही म्हणाली.

"मला माझं पिस्तूल हवंय," दारातून आवाज आला. सीमा कधीची तिथं उभी होती. "त्याचा चाप कुठं सुटतो ते माझ्या बोटाला ठाऊक आहे."

वाढदिवसाची गंमत तिथंच फुटली. सीमानं तो दस्ता हातात घेतला, नुसताच खांद्याला लावून पाहिला आणि बराच वेळ तसाच धरून ठेवला. "माप अगदी बरोबर आहे," ती म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले. संध्याकाळच्या आत तो खोक्यात बसून बॉथेलला रवाना झाला.

फॉर्म म्हटल्यावर श्रीरंगला हुरूप आला. दोन दिवस त्यानं नियम वाचले, खाली रेघा मारल्या, लॅपटॉपवर फॉर्म भरला आणि तिसऱ्या दिवशी तिच्यापुढं ठेवला.

सीमानं चष्मा लावला. "इथं तुमचं नाव आहे."

"मग?"

मग काय, हे खरंच त्याला कळलं नसावं. घर त्याच्या नावावर, गाडी त्याच्या नावावर, विजेचं बिल त्याच्या नावावर. लग्नात आलेल्या स्टीलच्या भांड्यांवरसुद्धा 'श्री. व सौ. मुंडले' असंच कोरलेलं होतं.

सीमानं नियमांतली त्याचीच रेघ मारलेली ओळ बोटाखाली धरली. ज्याच्या नावावर मंजुरी, तो जवळ नसताना हत्यार दुसऱ्या कुणाच्या हाती द्यायचं नाही. "म्हणजे शनिवारी मला एकटीला नेता येणार नाही."

"मी येईन ना बरोबर. दर शनिवारी." तो थांबला. ती बघतच राहिली, तेव्हा त्याला खरं सांगावं लागलं. "हाताची थरथर अशीच वाढत गेली आणि पुढं तुला जमेनासं झालं, तर सगळं माझ्या नावावर असलेलं बरं, असं वाटलं मला."

"जमेनासं होईल तेव्हा होईल," सीमा म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. "अहो, या घरात मी कुणाला न विचारता घेतलेली ती एकच वस्तू आहे."

श्रीरंगला स्वतःची लाज वाटली. आपण बायकोला आधार द्यायला निघालो आणि देता देता तिची शनिवारची सकाळच आपल्या खिशात घातली, हे त्याच्या ध्यानात आलं. त्यानं फॉर्म पुसला, पहिल्या रकान्यापासून पुन्हा भरायला घेतला आणि लॅपटॉप तिच्याकडं वळवला. "नाव तू घाल."

एका बोटानं, दोनदा चुकून, तिनं ते घातलं.

ठसे द्यायच्या दिवशी पंचाईत झाली. हात थरथरून शाई पसरायची. तीन कार्डं वाया गेली. श्रीरंग लांब खुर्चीवर हात बांधून बसला होता. या वेळी मध्ये पडायचं नाही असं त्यानं ठरवलं होतं. चौथ्या कार्डाला सीमा मागं वळून म्हणाली, "या, धरा जरा." त्यानं तिचं मनगट धरलं. दहाही बोटं नीट उमटली.

तीन आठवड्यांनी मंजुरी आली. त्यात आणखी एक अट होती: जो बदल करणार, त्याचं नाव, गाव आणि राज्य हत्यारावर कोरलेलं हवं. कोरणाऱ्या दुकानदारानं सवयीनं श्रीरंगला विचारलं, काय नाव घालू. श्रीरंगनं सीमाकडं बोट दाखवलं.

पिस्तूल परत मिळालं तेव्हा सीमानं त्या बारीक अक्षरांवरून अंगठा फिरवला. सीमा मुंडले, प्लेनो, टेक्सास.

"भांड्यांवर घालतात तसं दिसतंय," ती हसून म्हणाली.

"भांड्यांवर 'व सौ.' असतं," श्रीरंग म्हणाला.

रुहीनं दस्ता परत पाठवला. सीमा शेजारी बसली असताना श्रीरंगनं ते दोन स्क्रू पिळले. शुक्रवारी त्यानं पाच मॅगझिनं भरून तिच्या पिशवीत ठेवली. शनिवारी ती एकटी गेली, आणि तो सकाळभर घरात उगाच कपाटं आवरत बसला.

दुपारी ती आली. तिनं काही सांगितलं नाही, नुसता रेंजवरचा कागद टेबलावर उलगडला. काळ्या वर्तुळात भोकांची दाटी होती. श्रीरंगनं कागदाकडं ओझरतंच पाहिलं. त्याला तिचा चेहरा बघायचा होता. तो तसाच फुललेला होता.

पुढच्या शनिवारी ती पिशवी घेऊन दारापर्यंत गेली आणि थांबली. "येताय?"

श्रीरंगला तो नियम पाठ होता. तरी त्यानं विचारलं, "मी त्याला हात लावलेला चालतो का?"

"मी जवळ असले की चालतो," सीमा म्हणाली, आणि तो बूट घालेपर्यंत दारात थांबली.